अवनद्ध वाद्यांची दुरुस्ती

कातड्याने मढविलेल्या तालवाद्यांचे भांडे, खोड, कडी, दोऱ्या, वाद्या, गट्टे, नटबोल्ट इ. टिकाऊ भाग नीट करून जुने वाद्य पुन्हा वादनक्षम करण्याची कारागिरी. भरताच्या नाट्यशास्त्रात तत, सुषिर, घन व अवनद्ध असे वाद्यांचे चार वर्ग सांगितले असून मढविलेली वाद्ये शेवटच्या वर्गात मोडतात. अशा वाद्याचे कातडे झिजते व वेळोवेळी बदलावे लागते. भांडे व ताण देणारे भाग मात्र पिढ्यानुपिढ्या चालू शकतात. म्हणून जुन्या वाद्याचा नाद टिकविणे हे मुख्यतः या भागांच्या जपणुकीवर अवलंबून असते.

नांदेड व लातूर या मराठवाड्यातील जिल्ह्यांत या वर्गातील अनेक वाद्ये वापरात आहेत. माहूरच्या रेणुकेच्या गोंधळात संबळ, खंडोबाच्या वाघ्यांजवळ दिमडी, वारकरी भजनात पखवाज, तर जत्रा व मिरवणुकींत हलगी वाजते. पूर्वी गावात दवंडीही हलगीवर दिली जाई. नांदेड येथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे नगाऱ्याला मानाचे स्थान आहे. लग्नाच्या वरातीतील बँडमुळे पाश्चात्त्य बनावटीचे, खटक्या-स्क्रूंनी ताणले जाणारे ड्रमही या भागात रूढ झाले.

ताण देण्याच्या रीतीनुसार या वाद्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. हलगी व दिमडी यांत कातडे कड्यावर घट्ट बसविलेले असते. त्याचा स्वर वाद्य शेकून चढवितात. संबळ, पखवाज व जुन्या घडणीची ढोलकी यांत कातडे दोरीने किंवा वादीने आवळतात. पखवाजाच्या वादीखाली लाकडी गट्टे असतात व ते ठोकून स्वर चढविला वा उतरविला जातो. ढोलकीत हेच काम दोरीत ओवलेल्या धातूच्या कड्या करतात. तिसऱ्या प्रकारात कातड्याचे कडे नटबोल्टांनी खेचले जाते. यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून नगाऱ्यासारख्या वाद्यांना यांत्रिक ताण देण्याच्या अनेक युक्त्या निघाल्या. पुढे नटबोल्टांची पद्धत ढोलकीलाही लावण्यात आली.

दुरुस्तीचा आरंभ भांड्याच्या काठापासून होतो. काठ वर्तुळाकार व एका पातळीत नसेल, तर कातडे कितीही चांगले असले तरी ते सर्व बाजूंनी सारखे बोलत नाही. सपाट फरशीवर भांडे पालथे घातल्यास काठाखालून दिसणाऱ्या उजेडावरून उंचसखलपणा कळतो. तांब्यापितळेच्या भांड्याचा पोचा तांबट आतून आधार देऊन हलक्या हाताने काढतो. पितळ चिंचेने उजळल्यावर आंबट अंश पुरता धुऊन भांडे कोरडे करावे लागते. लाकडी खोडाची चीर भरतात. मात्र किडीने पोखरलेला काठ तसाच ठेवून वर कातडे चढविणे व्यर्थ असते. लोखंडी कड्यावरील गंज काढणे आवश्यक असते, कारण खरखरीत गंजलेल्या कडेवर ओले कातडे ताणल्यास ते तेथेच फाटते. तेलाचा हात धातूपुरताच द्यावयाचा असतो. कातड्याला तेल लागल्यास त्याचा बोल मंद होतो.

नटबोल्टांच्या वाद्यात आट्यांची विशेष काळजी घेतात. भारतात वजनमापांची दशमान पद्धती १९५६ च्या कायद्याने आली. त्यापूर्वीच्या ड्रमचे बोल्ट बहुधा इंची मापाचे असतात. त्यांवर मिलिमीटर मापाचा नट जोराने बसविल्यास आटे झिजतात व मूळ बोल्ट निकामी होतो. कातडे ताणताना समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळतात. एकच बाजू आवळल्यास कडे वाकते.

बोल्टांमुळे एकट्या वादकाला पान्याच्या साहाय्याने थोड्या वेळात स्वर जुळविता येतो. परंतु वाद्य जड होते आणि एखादा नट सैल राहिल्यास त्याची खरखर नादात मिसळते. दोरीची बांधणी वेळखाऊ असली, तरी ती हलकी असते आणि बांधताना ताणाचा समतोल हाताला जाणवतो. जुन्या दोरीच्या वाद्याला बोल्ट लावताना खोडाला नवी भोके न पाडल्यास पूर्वीची बांधणी पुन्हा करता येते. पखवाज व ढोलकी यांच्या पुडीवरील शाई हाही नादाचा निर्णायक घटक होय. अशा लेपामुळे कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. त्यामुळे पुडी बदलताना शाईची जाडी व घेर पूर्वीप्रमाणे राखणे इष्ट ठरते.

मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात कातडे आकसून ताण वाढतो, तर पावसाळ्यात ते ओलसर होऊन सैल पडते. यास्तव वादनानंतर ताण थोडा उतरवून वाद्य कोरड्या, सावलीच्या जागी ठेवतात. हलगी शेकताना ज्वाळेऐवजी मंद धग वापरल्यास कातडे करपत नाही.

अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ड्रमसाठी कृत्रिम पडदे प्रचारात आले. हवेतील ओलाव्याचा परिणाम त्यांवर फारसा होत नसल्याने हलगी व ताशा यांनाही आता प्लॅस्टिकचा पडदा लावला जातो. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हैस या बंदीत मोडत नाही. त्यामुळे कातड्याच्या उपलब्धतेचा प्रश्नही वाद्य मढविणाऱ्यांपुढे आहे. प्लॅस्टिकचा आवाज तीव्र व खणखणीत असला, तरी शेकलेल्या कातड्याचा भरीव घुमारा त्यात उतरत नाही. भांडे व कडी मूळ स्थितीत राखलेली असल्यास असा पडदा काढून पुन्हा कातडे चढविता येते. काठ कापून किंवा भोके पाडून केलेला बदल मात्र सहसा परतविता येत नाही. वाद्य मढविणे व बांधणे हे ज्ञान प्रामुख्याने कारागिरांच्या हातातून हातात गेलेले असल्याने, जुनी वाद्ये सुस्थितीत राखणे हा ते ज्ञान टिकविण्याचाही एक मार्ग होय.