डबलसीट, टँडेम आणि ‘आपण’

मंडळी, बोलणारे आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेले आणि विषय सायकलचा, म्हणून काहींना गंमत वाटेल. पण दोघांनी मिळून एखादी गोष्ट करणं म्हणजे नेमकं काय, हा तत्त्वज्ञानातला चांगलाच चिवट प्रश्न आहे. तो समजून घ्यायला जोडप्याच्या लांब सायकलसफरीइतकं सोयीचं उदाहरण आम्हाला तरी सापडलेलं नाही.

डबलसीट म्हणजे काय हे वरणगावात कुणाला सांगायला नको. नवरा पायडल मारतो, बायको कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसते, मांडीवर पिशवी. प्रवास दोघांचा, सायकल चालवणारा मात्र एकटा. टँडेममध्ये एकाच सांगाड्यावर दोन सीटा असतात आणि पायडलच्या दोन जोड्या. पुढच्याच्या हातात हँडल, बहुतेक वेळा ब्रेक आणि गिअरही. मागचं हँडल फक्त धरायला, ते वळत नाही. दोघांची पायडलं चेनने एकमेकांना जोडलेली असतात. त्यामुळे पुढच्याने पाय थांबवले की मागच्याचेही थांबतात. एकाला दम खायचा असेल तर दुसऱ्याला सांगावंच लागतं.

सपाट रस्त्यावर ही सायकल झकास पळते, कारण वजन दोघांचं असलं तरी वारा जवळजवळ एकाच माणसाइतका अडवला जातो. चढावर वेग कमी, म्हणून वाऱ्याचा तो फायदा उरत नाही, आणि लय जुळली नाही तर दोघांची ताकद एकमेकांच्या आड येते. उतारावर एवढं वजन सुटलं की साधे ब्रेक तापतात. लांब घाटासाठी जादा ब्रेक लागतो. म्हणजे आपलं तापीचं खोरं टँडेमला मानवणारं, आणि अजिंठ्याचा घाट परीक्षा घेणारा.

अशा सफरी काही आजच्या नाहीत. जोसेफ आणि एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल हे अमेरिकन दांपत्य. तो चित्रकार, ती लेखिका. १८८४ च्या सुमारास ते दोघांच्या तीनचाकी टँडेमवर लंडनहून कँटरबरीला गेले. १८८५ साली त्यांचं पुस्तक आलं, ते दोघांच्या नावाने. पुढे इटलीही त्यांनी तशीच पाहिली. १८९८ साली एलिझाबेथबाईंचं आल्प्स ओलांडल्याचं पुस्तक आलं, तेव्हा त्या स्वतःच्या वेगळ्या सायकलवर होत्या. नवरा बरोबर होताच. आम्हाला यात कुठे बिघाड दिसत नाही. एकत्र जाण्याचे प्रकार एकाहून जास्त आहेत, एवढंच.

आता मूळ प्रश्न. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द आहे. मराठीत दोन: ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही जातो’ यात ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण जाऊ’ यात तो आत येतो. मार्गारेट गिल्बर्ट या तत्त्वज्ञ बाईंनी १९९० साली एकत्र चालण्यावर एक निबंध लिहिला. दोन माणसं शेजारी शेजारी चालली म्हणून ती ‘एकत्र’ चालली असं होत नाही. एकत्र चालायचं ठरल्यावर एकाने काही न सांगता वाट बदलली, तर दुसऱ्याला जाब विचारायचा अधिकार असतो. तो अधिकार म्हणजेच ‘आपण’. मायकेल ब्रॅटमन यांचं म्हणणं जरा वेगळं आहे: दोघांचे बेत एकमेकांत बसायला हवेत, आणि ते तसे आहेत हे दोघांना ठाऊक हवं. आमचा कल गिल्बर्टबाईंकडे. बेत जुळूनही माणूस फसवला जाऊ शकतो.

टँडेमवर मागच्याला समोरचा रस्ता दिसत नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. हायवेवरचा खड्डा पुढच्याने ओरडून सांगितला नाही, तर धक्का मागच्याला जास्त बसतो, कारण तो बेसावध असतो. म्हणून सांगणं हा इथे शिष्टाचार नाही, ते कर्तव्य आहे. उलट बाजूही आहे. मागचा खरोखर जोर लावतोय की नुसते पाय फिरवतोय, हे पुढच्याला नीट कळत नाही. त्याला विश्वास ठेवावा लागतो. घरातल्या कामांचंही तसंच, पाठीमागे होणारं काम मोजलं जात नाही. आणि ‘आम्ही ठरवलं’ असं घरोघरी म्हणतात, तेव्हा ठरवणारा किती वेळा एकटाच असतो, ते ज्याचं त्याने आठवावं.

मागे बसणं म्हणजे ओझं होणं, हा समज पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांनी खोटा पाडला. काचबिंदूने ऐन तारुण्यात त्यांची दृष्टी गेली. २०१६ साली त्यांनी टँडेमच्या मागच्या सीटवरून मनाली ते खारदुंगला सायकल चालवली. ही खिंड पाच हजार मीटरहून उंच आहे. पॅरालिंपिकमध्येही अंध खेळाडू मागे आणि डोळस जोडीदार पुढे असतो. पदक दोघांनाही मिळतं. सुरुवातीच्या काळात तर पुष्कळदा बाईंना पुढे बसवून पुरुष मागून सायकल वळवत, अशाही टँडेम होत्या. म्हणजे पुढची सीट म्हणजे सत्ता, असं समीकरण नाही.

आपल्याकडे एक जुनी कथा आहेच. चांगदेव वाघावर बसून एकटे आले आणि ही चार भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली. भिंतीवर पुढे कोण होतं नि मागे कोण, हे कुणी विचारलेलं आम्ही ऐकलं नाही.

एखाद्या जोडप्याला ही हौस असेल तर आमची सूचना साधी आहे. सफर डिसेंबर-जानेवारीत करावी. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात नको. आधी मोकळ्या मैदानावर सुरू करणं आणि थांबणं घटवावं, कारण पहिल्यांदा पडतात ते तिथेच. पहिल्या दिवशी वरणगाव ते मुक्ताईनगर, वीसेक किलोमीटर. जमलं तर तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवापर्यंत. वाटेत चहाला कुठे थांबायचं, ते मात्र मागच्याने ठरवावं.