किंग्स्टनची जुनी चुरस

हिवाळ्यात कॅनडातल्या किंग्स्टन शहरात बर्फावरच्या हॉकीचा एक आगळा सामना होत आला आहे. दोन्हीकडे सात-सात खेळाडू, हातात आखूड लाकडी काठ्या, डोक्याला हेल्मेट नाही. गडी पुढे असेल तर त्याच्याकडे पास द्यायचा नाही, ही जुन्या काळची पद्धत. आणि पक चक्क चौकोनी! लॅक्रॉसचा रबरी चेंडू चहूबाजूंनी कापून काढलेला ठोकळा. तो सरळ घसरत नाही, कडेवर उभा राहतो, उड्या मारतो, भलतीकडेच वळतो. सरावलेल्या खेळाडूचीही त्याच्यापुढे फजिती होते.

हा सारा खटाटोप 1886 सालच्या सामन्याच्या आठवणीसाठी. त्या वर्षी किंग्स्टनच्या गोठलेल्या बंदरावर क्वीन्स विद्यापीठ आणि रॉयल मिलिटरी कॉलेज समोरासमोर उभे ठाकले. क्वीन्सने सामना एका गोलने जिंकला. पुढे शंभर वर्षांनी, 1986 साली, या चुरशीसाठी कार-हॅरिस चषक सुरू झाला. कार-हॅरिस घराण्याचं दोन्ही संस्थांशी नातं, म्हणून हे नाव. हॉकीतली जगातली सर्वांत जुनी चुरस म्हणून किंग्स्टनकर हिच्याकडे अभिमानाने बोट दाखवतात. दोन संस्थांमध्ये अंतर किती? मध्ये काटाराक्वी नदीचं मुख, बस्स! एका काठावर पदवीचे विद्यार्थी, दुसऱ्या काठावर सैन्यात जाणारे कॅडेट.

टोरांटो आणि माँट्रियल या दोन मोठ्या शहरांच्या मधोमध, ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी हे गाव वसलं आहे. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मंडळींनी इथे क्वीन्स हे कॉलेज काढलं आणि 1841 साली राणी व्हिक्टोरियाने त्याला सनद दिली. स्कॉटलंडची ही नाळ मैदानावर आजही दिसते. संघांचं नाव गेल्स. रंग तीन : निळा, सोनेरी, लाल. 1905 साली सुरू झालेलं वाद्यपथक बॅगपाइप वाजवत, किल्ट घालून मैदानात उतरतं. फुटबॉलमध्ये आपल्या संघाने टचडाउन केला की प्रेक्षागृहातले विद्यार्थी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात आणि रांगेने पाय उडवत ‘ऑइल थाय’ ही जुनी ललकारी गातात. त्यातले गेलिक शब्द बहुतेकांच्या घरी कुणी बोलत नाही. पण पहिल्या वर्षाला आलेली मुलं पुस्तकांच्याही आधी ते पाठ करतात.

कॅनडाच्या फुटबॉलमध्ये क्वीन्सने जे केलं, ते आता कुठल्याही विद्यापीठाला जमणार नाही. ग्रे चषक आज व्यावसायिक संघांचा आहे. 1920च्या दशकात मात्र तो विद्यापीठांनाही खुला होता. क्वीन्सने 1922, 1923 आणि 1924 असा सलग तीनदा तो उचलला. 1923च्या अंतिम सामन्यात रेजायनाच्या संघाला 54–0 अशी धूळ चारली. हॉकीतल्या स्टॅन्ली चषकानेही या विद्यार्थ्यांना भुरळ घातली होती. 1895, 1899 आणि 1906 साली ते आव्हान द्यायला गेले आणि तिन्ही वेळा हरून परतले. विद्यार्थ्यांनी अशी उडी मारावी, यातच त्या काळाची रग कळते.

फुटबॉल खेळायचं मैदान म्हणजे रिचर्डसन स्टेडियम. नाव जॉर्ज टेलर रिचर्डसन यांचं. ते क्वीन्सचे विद्यार्थी आणि हॉकीपटू. 1916 साली पहिल्या महायुद्धात मारले गेले. त्यांच्या भावाने त्यांच्या स्मरणार्थ हे मैदान उभारायला पैसे दिले. जागा बदलली, 2016 साली नवी बांधणीही झाली, पण नाव कुणी काढलं नाही.

याच मैदानावर 2009च्या नोव्हेंबरमध्ये ऑन्टॅरिओ प्रांताचा येट्स चषक क्वीन्सने याच प्रांतातल्या लंडन शहराच्या वेस्टर्न विद्यापीठाकडून 43–39 असा खेचून आणला. हा चषक 1898 सालचा. पुढे क्यूबेक सिटीत देशाच्या अंतिम सामन्यात कॅलगरीविरुद्ध क्वीन्स मध्यंतराला 25–7 असं मागे होतं. शेवटी फलकावर 33–31 आलं आणि व्हॅनियर चषक किंग्स्टनला आला. पश्चिमेला वेस्टर्न, तर पूर्वेला मॅकगिल. माँट्रियलच्या मॅकगिलशी फुटबॉलचं वैर जुनं, आणि नौकानयनात दोघांची होडीची शर्यतही असते.

मुलींची चिकाटी पाहायची तर 2011चा हॉकी सामना आठवावा. ग्वेल्फविरुद्धची लढत नियमित 60 मिनिटांत सुटली नाही. जादा वेळेचे वीस-वीस मिनिटांचे पाच डाव झाले, तरी बरोबरी. सहाव्या जादा डावात, 167 मिनिटं 14 सेकंदांवर क्वीन्सने गोल केला आणि 2–1 असा निकाल लागला. जवळजवळ तीन सामन्यांएवढा खेळ एकाच रात्री! ग्वेल्फच्या मुलीही शेवटच्या क्षणापर्यंत तेवढ्याच झुंजल्या, म्हणून तर घड्याळ तिथवर पोचलं.

मला या साऱ्या हकिकतीत हेच मोलाचं वाटतं. विद्यापीठाचा खेळाडू फार तर पाच हंगाम खेळतो, मग पदवी घेऊन पोटापाण्याच्या मागे लागतो. प्रशिक्षक बदलतात, मैदान बदलतं. टिकून राहतो तो समोरचा संघ. नदीपलीकडच्या कॉलेजने 1886 चा पराभव आपला म्हणून जपला, म्हणूनच क्वीन्सच्या त्या एका गोलला अजून मोल आहे. एकट्याने आठवलेला विजय ही बढाई ठरते. दोघांनी मिळून आठवला की तो इतिहास होतो. त्या सामन्याची आठवण जागवायची, तर चौकोनी पक बर्फावर टाकायला दोन्ही काठांवरची मुलं लागतात.