२८ वर्षांचे आयुष्य, त्यातली १२ अंदाजाची

पाळलेल्या टॅरेंटुला कोळ्याच्या दीर्घायुष्याचा विक्रम म्हणून २८ वर्षे हा आकडा दिला जातो. तो मेक्सिकोतील मझातलान येथे १९३५ मध्ये पकडलेल्या एका मादीचा. आकड्याची फोड केली की प्रयोगशाळेत मोजलेली वर्षे १६ भरतात; उरलेली १२ म्हणजे पकडताना धरलेले वय. विक्रमाचा सुमारे ४३ टक्के भाग असा अंदाजावर उभा आहे.

तरीही मादीसाठी वीस वर्षे ही फुगवलेली संख्या मुळीच नाही. हौशी लोकांकडे जास्त दिसणाऱ्या ब्रॅकिपेल्मा आणि ग्रामोस्टोला या प्रजातींच्या माद्या तेवढ्या जगतात. म्हसवड खिल्लार सांभाळणाऱ्या माणदेशात याचा अर्थ चटकन कळेल: बैलाचे नैसर्गिक आयुष्य १५ ते २० वर्षे, मेंढीचे १० ते १२. दहावीतल्या मुलाने पिल्लू आणले, तर ते मरेल तेव्हा तो पस्तिशी ओलांडलेला असेल.

नराचा हिशेब वेगळा. त्याच प्रजातींत तो बहुधा ५ ते ७ वर्षांत संपतो. वयात आणणारी कात ही त्याची शेवटची. त्यानंतर काही महिने, फार तर दीड वर्ष. मादी वयात आल्यावरही कात टाकत राहते आणि तुटलेला पायही त्यातून पुन्हा उगवतो. नराची ६ आणि मादीची २० धरून सरासरी काढली तर १३ येते, आणि त्या वयाशी दोघांचाही संबंध नसतो. नर-मादी न सांगता दिलेला आयुर्मानाचा आकडा म्हणूनच निरुपयोगी आहे. मादी आहे का, हे टाकलेल्या कातीच्या आतल्या बाजूवरून ओळखता येते.

आणखी एक विसंगती खाद्याची. ऊब आणि खाद्य वाढवले की पिल्लू भराभर कात टाकते, लवकर मोठे होते. नराच्या बाबतीत लवकर मोठे होणे म्हणजे लवकर मरणे.

सर्वाधिक वयाची नोंद मात्र पाळलेल्या कोळ्याची नाहीच. पश्चिम ऑस्ट्रेलियात बिळाला झाकण करणारी, टॅरेंटुलाच्या लांबच्या नात्यातली ‘नंबर १६’ ही मादी १९७४ पासून त्याच बिळात नोंदवली जात होती. २०१६ मध्ये ती मेलेली आढळली तेव्हा वय ४३ होते. झाकणाला गांधीलमाशीने पाडलेले भोक होते. म्हातारपणाने ती गेली नव्हती.

भारतात टॅरेंटुलांचा व्यापार टपालानेही होतो. जुलै २०२१ मध्ये चेन्नई कस्टम्सने पोलंडहून आलेल्या एकाच पार्सलमधून १०७ जिवंत कोळी पकडले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीने वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी नोंदणीखाली आणले. ब्रॅकिपेल्मा त्या यादीत आहे. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी नोंदणीला सहा महिने दिले. मालकाने जन्म आणि मृत्यू दोन्ही कळवायचे आहेत. या दोन तारखा खऱ्या नोंदल्या गेल्या, तर त्यांच्यामधले आयुष्य अंदाजाविना मोजता येईल.

टॅरेंटुला आपल्या रानातही आहेत: मुंबईच्या आरे वसाहतीतून २०१४ मध्ये टॅरेंटुलाची एक नवी जाती जगापुढे आली. रानातून उकरून काढलेल्या अशा मादीची जन्मतारीख कुणीच सांगू शकत नाही. विकणारा वय सांगत असेल, तर पिल्लू कुणाकडे आणि कधी जन्मले याचा कागद मागा. तो नसेल तर घेऊ नका.