काका, तुमच्या रानात जाऊ का?

सुट्टी आली की कॅमेरा, तंबू, ड्रोन घेऊन आपण निघतो. रस्त्याकडेला छानसं माळरान दिसतं, गाडी थांबते आणि आपण थेट आत. त्या रानाला मालक असतो, हे आठवतंय का कुणाला?

रविवारची सकाळ. दोन बाइक, तुम्ही चौघं. पुण्यातून पहाटे निघालात, दिवे घाट चढलात, सासवडच्या पुढं आलात. कुणीतरी इन्स्टावर लांडग्याचा भारी फोटो टाकलाय आणि खाली लोकेशनही दिलंय. नकाशावरच्या त्या ठिपक्यापाशी पोहोचलात तर समोर पिवळं गवत, दोन-चार बाभळी आणि मध्ये एक तारेचं कुंपण. तार एका जागी वाकलेली दिसते. म्हणजे याआधीही कुणी तरी इथूनच शिरलंय. तुम्हीही शिरता. धाविक पक्षी दिसतो. मग काय, कॅमेरा काढून जमिनीवर आडवे! पोटाखाली काय चिरडलंय ते बघायला वेळ कुणाला आहे? हरभरा असतो तो.

तेवढ्यात बांधावरून आवाज येतो, ‘‘कुठलं हो पाव्हणं? काय मोजताय?’’

तुम्ही हसता. मोजतोय कुठं, फोटो काढतोय! पण तो प्रश्न जरा नीट ऐका. पुरंदर तालुक्यात विमानतळासाठी जमिनी जाण्याचा विषय कित्येक वर्षं धुमसतोय. २०२५ मध्ये तिथं ड्रोननं सर्वेक्षण करायला गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. अशा गावात अनोळखी पोरं लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन रानात दिसली, तर शेतकऱ्याच्या मनात पहिलं काय येईल? मोजणीवाले आले. नाही तर जमिनीचा दलाल आला. तुमच्यासाठी ती रविवारची सकाळ असते, त्याच्यासाठी तो सातबारा असतो.

आणि हे काही एका तालुक्याचं नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या काही भागांत रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या चर्चेनं लोक जागे राहत होते. चोर टेहळणी करतायत, अशी अफवा होती. तुम्ही सूर्यास्ताचा शॉट घ्यायला ड्रोन उडवता तेव्हा खाली कुणाची तरी झोप उडालेली असते.

मोकळं म्हणजे कुणाचंच नाही?

आपली खरी गडबड एका शब्दात आहे. ‘मोकळी जागा’. शहरात वाढलेल्या डोळ्याला इमारत नसली, पीक दिसलं नाही की जागा मोकळी वाटते. पण नांगरून ठेवलेलं रान मोकळं नसतं, ते उन्हात तापायला ठेवलेलं असतं. पेरून दोन दिवस झालेल्या वावरात वर काहीच दिसत नाही, पण तुमचा प्रत्येक पाय बियाण्यावर पडतो. माळावरचं वाळलं गवत म्हणजे कुणाच्या तरी जनावरांचा उन्हाळ्याचा चारा असतो. तिथं तुम्ही चहासाठी चूल पेटवता. वारं कसं फिरेल, हे तुम्हाला ठाऊक नसतं. त्याला असतं.

रस्त्यावरून एकसारख्या दिसणाऱ्या त्या जमिनीत खूप प्रकार असतात. काही खासगी, काही गायरान, काही वनखात्याची, एखादा तुकडा देवराईचा. वनखात्याच्या जमिनीसाठी वनखात्याला विचारायचं, गायरानासाठी ग्रामपंचायतीला. खासगी जमिनीतही गंमत आहे. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असतील आणि थोरल्यानं ‘जावा’ म्हटलं, तरी बांधापलीकडचं रान धाकट्याचं असतं. दोघांचं बोलणं बंद असलं तर तुमचा तंबू थेट भांडणात उभा राहतो. महाराष्ट्रात बांधावरून कोर्टात पिढ्या गेल्यात, हे विसरू नका.

बंदूक हातात, तरी दार वाजवायचं

विचारून रानात शिरण्याची पक्की रीत बघायची असेल तर जरा लांब, अमेरिकेत जाऊ. तिथं हरणांची शिकार कायदेशीर आहे. हंगाम ठरलेला, परवाना सरकार देतं. तिथल्या कायद्यात हरीण जमीनमालकाचं नसतं, ते सगळ्या जनतेचं आणि सरकार त्याचं राखणदार. पण हरीण ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन मालकाची. म्हणजे खिशात परवाना असला तरी दुसऱ्याच्या शेतात शिरायचं तर दार वाजवून विचारावंच लागतं. ओहायोत तर तोंडी ‘हो’ही चालत नाही, मालकाची लेखी परवानगी लागते. टेक्सासमध्ये १९९७ पासून झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे म्हणजे ‘आत येऊ नका’ची पाटीच. तुमच्यापैकी कुणी एमएससाठी तिकडं जाणार असेल तर हे लक्षात ठेवा. जांभळा पट्टा दिसला की तो ट्रेकच्या वाटेची खूण समजून पुढं जाऊ नका!

तिथल्या जाणत्या शिकाऱ्यांची विचारण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. हंगाम असतो पानगळीत, पण विचारायला जायचं उन्हाळ्यात. हंगामाच्या पहिल्या दिवशी पहाटे पाच वाजता शेतकऱ्याचं दार वाजवणारा माणूस ‘नाही’ ऐकायलाच आलेला असतो. साध्या कपड्यांत जायचं, बंदूक गाडीत किंवा घरी. पाच जणांची टोळी न्यायची नाही, एकटं किंवा दोघं. जेवणाची वेळ टाळायची, कापणीची धांदल टाळायची. कुठं जाणार, कधी येणार, कधी निघणार, गाडी कुठं लावणार हे आधी सांगायचं. कुंपण मोडलेलं दिसलं तर दुरुस्तीला हात लावायचा. शिकार मिळाली तर मांसाचा वाटा मालकाकडे पोहोचवायचा. आणि जखमी हरीण पळत शेजाऱ्याच्या शेतात गेलं तर? अनेक राज्यांत तिथं पाऊल टाकण्याआधी पुन्हा विचारावं लागतं. यावेळी शेजाऱ्याला.

ज्याच्या हातात बंदूक आहे, त्याला इतकं वाकावं लागतं. आपल्या हातात तर फक्त कॅमेरा असतो.

आपल्याकडे शिकारच नाही. खरंच?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज शिकारीला बंदी आहे. इथं मालक ‘हो’ म्हणाला तरी उपयोग नाही. परवानगी देण्याचा हक्कच त्याला नाही. रानडुक्कर पीक उद्ध्वस्त करतंय म्हणून हैराण झालेल्या शेतकऱ्यालाही आधी वनखात्याकडे अर्ज करावा लागतो.

‘आम्ही कुठं मारतो, आम्ही फक्त शूट करतो,’ असं म्हणाल. मग या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या काय आहे ते बघा. जनावराला मारणं तर त्यात आहेच. त्याला हाकणं आणि आमिष दाखवणंही आहे. आणि पक्ष्यांची घरटी किंवा अंडी विचलित करणंसुद्धा आहे. म्हणजे फोटो बरा यावा म्हणून घरट्यापुढची फांदी बाजूला केलीत, ससाण्यासाठी उंदीर बांधलात किंवा लांडगा पळताना टिपायचा म्हणून त्याच्यामागं बाइक घातलीत, तर तुमचा कॅमेरा कायद्याच्या नजरेत बंदुकीच्या बराच जवळ जातो. या गोष्टीला कुणाचीच परवानगी चालत नाही. काकांची तर नाहीच नाही.

जमिनीत शिरण्याचं काय? चुकून कुणाच्या रानात गेलात म्हणून लगेच गुन्हा होत नाही. पण मालकानं ‘निघा’ म्हटल्यावरही त्याला त्रास द्यायला किंवा दमात घ्यायला तिथंच ठाण मांडलंत, तर तो फौजदारीपात्र अतिक्रमणाचा गुन्हा ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेत त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी विचारायचं एक साधं कारण उरतं. तुमचा जीव. गवतात लपलेली कठडा नसलेली विहीर गुगल मॅपवर दिसत नाही. कालच फवारणी झालेलं रान बाहेरून हिरवंगारच दिसतं. काही ठिकाणी रानडुकरांसाठी तारेत बेकायदा वीज सोडतात, त्यात माणसंही गेली आहेत आणि वाघही. जुन्नरकडं उसात बिबट्या पिल्लांसह असतो. हे सगळं ज्याला माहीत आहे, तो बांधावर उभा आहे. त्याला ‘काका’ म्हणून हाक मारायला एक मिनिट लागतं.

कसं विचारायचं?

* आधी जा. जमलं तर एक दिवस आधी. नाहीच जमलं तर गाडी गावातल्या चहाच्या टपरीवर थांबवा. ‘ते माळाचं रान कुणाचं हो?’ एवढं विचारलंत की नाव, घर आणि अर्धा इतिहास कळतो.
* कॅमेरा बॅगेत, हेल्मेट हातात. तोंड दिसू द्या. ‘राम राम काका, मी अमुक, अमुक कॉलेजातून आलोय,’ इथून सुरुवात करा. ओळखपत्र दाखवायला लाज कसली?
* दोघंच पुढं व्हा. घरात मावशी एकट्या असतील तर सगळ्यांनी अंगणात गर्दी करू नका. बाहेर उभं राहून बोला.
* नेमकं सांगा. ‘जरा फिरतो’ हे काहीच सांगणं नाही. ‘आम्ही चौघं, सकाळी नऊपर्यंत, पक्ष्यांचे फोटो, पिकात पाय टाकणार नाही,’ हे सांगणं झालं. मुक्काम, चूल, ड्रोन या प्रत्येकाचं वेगळं विचारा. एका ‘हो’मध्ये सगळं बसत नाही.
* मालक तोच आहे ना, ते बघा. रानात काम करणारा वाटेकरी असेल, सालगडी असेल. त्यानं दिलेल्या ‘जावा की’चा बोल उद्या त्यालाच खावा लागतो.
* पाकीट आधी काढू नका. पैसे दाखवून विचारलं की तो सौदा होतो, आणि बऱ्याच जणांना ते लागतं. काका पार्किंगचे किंवा जेवणाचे पैसे सांगत असतील तर मात्र घासाघीस न करता द्या.
* फाटक जसं होतं तसं ठेवा. लावलेलं असेल तर लावा, उघडं असेल तर उघडं.
* लोकेशन टाकायचं का, तेही विचारा. तुम्हा चौघांना मिळालेला ‘हो’ तुमच्या चार हजार फॉलोअर्सना मिळालेला नसतो.

आणि काका ‘नाही’ म्हणाले तर?

तर नाही. कारण मागायचं नाही, ‘पाचच मिनिटं’ म्हणायचं नाही, पुढच्या वळणावरून गुपचूप शिरायचं तर नाहीच नाही. ‘बरं काका, येतो,’ म्हणायचं आणि निघायचं. जो ‘नाही’ ऐकून घेणार नाही, त्यानं विचारणं म्हणजे नुसतं नाटक. गंमत म्हणजे हसून परत गेलेला पोरगा काकांच्या लक्षात राहतो. पुढच्या खेपेला तेच विचारतील, ‘‘मागं आलावता तो तूच का?’’

आणखी एक गोष्ट, थोडी टोचणारी. तितर आणि लाव्हे फाशात धरणं हे फासेपारध्यांचं पिढीजात काम. कुठल्या गवतात कोण असतं हे त्यांच्याइतकं क्वचितच कुणाला कळत असेल. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं अशा अनेक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून गेला, लोकांच्या नजरेतून अजून गेलेला नाही. त्याच माळावर न विचारता शिरलेला पारध्याचा पोरगा आणि न विचारता शिरलेले तुम्ही, दोघांना सारखी वागणूक मिळेल का? तुम्हाला ‘कुठलं पाव्हणं?’ विचारतात. त्याला काय विचारतात, विचारतात तरी का, हा विचार करून बघा. आपण न विचारता जातो आणि तरी सुखरूप परत येतो. तो आपला हक्क नसतो, आपल्याला मिळालेली सूट असते. ती वापरायची की विचारायची सवय लावायची, हे आपल्या हातात आहे.

तर येत्या रविवारी पुन्हा तिथंच जा. वाकलेल्या तारेजवळ थांबू नका, पुढं घरापाशी जा. मागच्या वेळी चिरडलेल्या हरभऱ्याचं आपणहून सांगा. काका दोन शब्द बोलतील, ते ऐकून घ्या. चांगला फोटो मिळाला तर त्याची एक मोठी प्रत काढून त्यांना नेऊन द्या. आपल्या रानात कोण कोण राहतं, हे त्यांना ठाऊक असतं, पण त्याचा फोटो घरात लावलेला नसतो.

आणि लांडगा कुठं दिसतो हेही त्यांनाच विचारा. इन्स्टावरचं लोकेशन जुनं असतं. त्यांनी तो आज पहाटे पाणी धरताना पाहिलेला असू शकतो.