दर आखाड्यात नवशिका : मिर्को फिलिपोविच

१९ ऑगस्ट २००१. जपानमधल्या सायतामाचं भव्य बंदिस्त स्टेडियम. के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेच्या कार्यक्रमात त्या दिवशी एक वेगळी लढत ठेवली होती. एका बाजूला काझुयुकी फुजिता. कुस्तीत मुरलेला, जाड मानेचा, कितीही मार खाल्ला तरी मागे न हटणारा. दुसऱ्या बाजूला क्रोएशियाचा किकबॉक्सर मिर्को फिलिपोविच. आतापर्यंतच्या त्याच्या लढतींत पडलेल्या माणसाला पंच उठायला वेळ देत असे. इथे पडलेल्याच्या छातीवर बसून ठोसे मारायची मुभा होती. फुजिता वाकून पट काढायला घुसला. त्याचं डोकं खाली आलं आणि त्याच क्षणी फिलिपोविचचा गुडघा वर आला. चेहरा फाटला, रक्त थांबेना, डॉक्टरांनी लढत थांबवली. लढत चालली ३९ सेकंद.

एवढ्यावर हा माणूस थांबला असता तर त्या गुडघ्याला नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढची सतरा-अठरा वर्षं तो किकबॉक्सिंगमधून मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, म्हणजे एमएमएमध्ये, रिंगमधून पिंजऱ्यात आणि तिथून पुन्हा रिंगमध्ये जात राहिला. तीन वेगवेगळ्या संघटनांच्या ग्रां प्री स्पर्धा त्याने जिंकल्या. जगाला त्याच्या डाव्या लाथेचं कौतुक आहे आणि ते रास्तच आहे. माझ्या मते मात्र त्याची खरी थोरवी दुसरीकडे आहे. नावलौकिकाच्या शिखरावर असताना पुन्हा पहिल्या यत्तेत जाऊन बसायची तयारी त्याच्याकडे होती.

विन्कोव्त्सीचा पोरगा

फिलिपोविचचा जन्म १० सप्टेंबर १९७४ चा, पूर्व क्रोएशियातल्या विन्कोव्त्सीचा. जवळच्या प्रिवलाका या गावी तो वाढला. १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटला आणि युद्ध पेटलं तेव्हा हा सगळा मुलूख आघाडीवर आला. शेजारचं वुकोवार वेढ्यात उद्ध्वस्त झालं. मिर्को तेव्हा सतरा वर्षांचा होता. तायक्वांदो आणि कराटे शिकलेला हा पोरगा पुढे झाग्रेबला गेला, किकबॉक्सिंग आणि हौशी बॉक्सिंगमध्ये उतरला आणि पोलिसांच्या 'लुच्को' या दहशतवादविरोधी पथकात दाखल झाला. 'क्रो कॉप' हे त्याचं टोपणनाव या नोकरीतून आलं.

त्याच्या आधी एका क्रोएशियन मल्लाने जपान गाजवलं होतं. कराटेचे शिक्षक काझुयोशी इशी यांनी १९९३ मध्ये के-वन सुरू केली. कराटे, किकबॉक्सिंग आणि तत्सम विद्यांचे जगभरातले वजनदार लढवय्ये एकाच नियमाखाली भिडवायचे, ही त्यांची कल्पना होती. पहिली ग्रां प्री जिंकली ती ब्रांको त्सिकातिचने. फिलिपोविच त्याच्याच तालमीतला. मार्च १९९६ मध्ये पहिल्याच के-वन लढतीत त्याने फ्रान्सच्या जेरोम ल बॅनरला गुणांवर हरवलं. १९९९ मध्ये तो ग्रां प्रीच्या अंतिम फेरीत पोचला आणि नेदरलंड्सच्या एर्नेस्तो हूस्टकडून हरला. हूस्ट त्याच्यासाठी कायमचं कोडं राहिला. के-वनचं शिखर हातातोंडाशी येऊन निसटलं, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

डाव्या पायाचं गणित

फिलिपोविच डावखुरा पवित्रा घेऊन उभा राहायचा. उजवा पाय पुढे, डावा मागे. समोरचा बहुधा उजव्या हाताचा, म्हणजे त्याचा डावा पाय पुढे. अशा जोडीत डावखुऱ्याच्या मागच्या पायासमोर प्रतिस्पर्ध्याची उघडी बाजू येते. वर जबडा आणि कानशील, खाली बरगड्यांआड यकृत. फिलिपोविच आधी डाव्या हाताचा सरळ ठोसा पेरायचा. मग त्याच बाजूच्या पायाची लाथ बरगड्यांवर घालायचा, पुन्हा घालायचा. यकृतावर नीट बसलेली एक लाथ धडधाकट माणसाला गुडघ्यावर आणते, त्यामुळे समोरचा कोपर खाली ओढून बरगड्या झाकू लागायचा. त्याची खरी लाथ यानंतर यायची. कंबर तशीच फिरायची, मांडी तशीच उचलली जायची, शेवटच्या क्षणी पाय मात्र बरगड्यांऐवजी डोक्याकडे वळायचा. दोन्ही लाथांची सुरुवात एकसारखी असल्यामुळे ती कुठे जाणार हे लाथ लागेपर्यंत कळत नसे. ऑगस्ट २००३ मध्ये युक्रेनचा ईगोर वोवचांचिन आणि पुढच्या वर्षी रशियाचा अलेक्सांदर एमेल्यानेन्को याच लाथेने कोसळले.

तो वजनदार गटातला असला तरी महाकाय नव्हता. उंची सहा फूट दोन इंच आणि वजन शंभरीच्या थोडं वर. मार्च २००३ मध्ये त्याच्यासमोर दीडशे किलोंहून अधिक वजनाचा अमेरिकन बॉब सॅप उभा होता. सॅपने त्याआधी हूस्टला दोनदा हरवलं होतं. फिलिपोविच मागे सरकत राहिला, बाजू बदलत राहिला आणि पहिल्याच फेरीत डाव्या हाताच्या एका सरळ ठोशाने त्याने सॅपच्या डोळ्याखालचं हाड मोडलं. के-वनमधली ही त्याची पुढच्या अनेक वर्षांसाठी शेवटची मोठी लढत ठरली, कारण तोवर त्याचं मन प्राइडमध्ये गुंतलं होतं.

न पडण्याची विद्या

प्राइड ही जपानची एमएमए स्पर्धा. लढत रिंगमध्येच व्हायची, पण पहिली फेरी दहा मिनिटांची आणि पुढच्या दोन पाच-पाच मिनिटांच्या. खाली पाडणं, गळा आवळणं, सांधा उलटा पिळणं, पडलेल्याला लाथ मारणं, सगळं चालायचं. वजनदार गटाला खालची मर्यादा ९३ किलोंची होती, वरची नव्हतीच.

या दुनियेतला पहिला धडा त्याला नोव्हेंबर २००१ मध्ये टोकियो डोममध्ये मिळाला. प्रतिस्पर्धी नोबुहिको ताकादा, जपानी मल्ल अंतोनियो इनोकीच्या कुस्ती कंपनीत घडलेला. १९७६ मध्ये याच इनोकीने मुहम्मद अलीसमोर पंधरा फेऱ्या बहुतांश जमिनीवर पडून, खालून पायांवर लाथा मारत काढल्या होत्या आणि लढत बरोबरीत सुटली होती. ताकादाही खाली पडून राहिला. उभ्या माणसासाठी घडवलेल्या त्या लाथेला खाली पडलेल्या माणसापुढे करण्यासारखं काही उरलं नाही. हीही लढत बरोबरीत सुटली.

आपल्याकडच्या कुस्तीशौकिनाला यातली अडचण चटकन कळेल. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. पायाखालचं बदललं की पकड बदलते, दम बदलतो, डावाची वेळ बदलते, हे तालमीतलं पोरही सांगेल. फिलिपोविचच्या बाबतीत तर विद्याच बदलली होती. जो पट आपला पैलवान मिसरूड फुटायच्या आत शिकतो, तो चुकवायला तो सत्ताविशीत शिकत होता. समोरचा पायांत घुसला की दोन्ही पाय झटकन मागे फेकायचे, कमरेचा भार त्याच्या खांद्यांवर टाकायचा, हाताने त्याचं डोकं दाबून धरायचं आणि तो दमला की सुटून उभं राहायचं. दिसायला साधं आहे. पण लाथ मारणाऱ्याचं वजन एका पायावर असतं आणि पट नेमका त्याच क्षणी येतो. म्हणून त्याला उभं राहायची ढब, पावलांचं अंतर, लाथ मारून पाय परत घ्यायचा वेग, हे सगळं पुन्हा बसवावं लागलं.

त्याची फीही त्याने चुकती केली. ९ नोव्हेंबर २००३ रोजी, हंगामी विजेतेपदासाठी, समोर ब्राझीलचा जिउ-जित्सूपटू अंतोनियो रॉड्रिगो नोगेरा. पहिली दहा मिनिटं फिलिपोविचची होती. फेरी संपता संपता डाव्या लाथेने त्याने नोगेराला खालीही पाडलं. दुसऱ्या फेरीत नोगेराने त्याला जमिनीवर नेलं, छातीवर चढला, हात धरला आणि कोपर उलटा ताणला. फिलिपोविचने हार मानली. पाच महिन्यांनी अमेरिकन कुस्तीगीर केविन रँडलमनने त्याला आणखी वेगळा धडा दिला. पट येणार या धास्तीत फिलिपोविचची नजर खाली राहिली आणि डाव्या हाताचा ठोसा वरून आला. पहिल्याच फेरीत तो बेशुद्ध पडला.

त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दोघे पुन्हा भिडले. या वेळी रँडलमन अंगाला भिडताच फिलिपोविचने त्याची मान काखेत धरली आणि आवळली. ४१ सेकंदांत रँडलमनने हार मानली. लाथेसाठी ओळखला जाणारा माणूस एका कुस्तीगिराचा गळा आवळून जिंकला. त्याचं शिक्षण कुठवर आलं होतं याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला दिसत नाही.

२८ ऑगस्ट २००५ ला तो प्राइड विजेत्या फेदोर एमेल्यानेन्कोसमोर उभा राहिला. फेदोर साम्बो आणि ज्युदोतून आलेला, थंड डोक्याचा. त्याने एकच गोष्ट केली, फिलिपोविचला मागे रेटत ठेवलं. लाथ मारायला अंतर लागतं आणि पाय रोवायला क्षणभर स्वस्थता लागते. फेदोरने वीस मिनिटं दोन्ही मिळू दिली नाहीत. परीक्षकांचा कौल एकमताने फेदोरच्या बाजूने गेला. वर्षअखेरीस मार्क हंटकडूनही तो हरला. के-वनमध्ये याच हंटला त्याने हरवलं होतं. तो काळ त्याच्यासाठी अवघड होता. 

बत्तिसावा वाढदिवस

२००६ मध्ये प्राइडने वजनाची अट नसलेली ग्रां प्री भरवली. उपांत्यपूर्व फेरीत त्याने १९९२ चा ऑलिंपिक ज्युदो विजेता हिदेहिको योशिदा याला मांड्यांवरच्या लाथांनी उभं राहणं अशक्य करून सोडलं. उपांत्य आणि अंतिम लढती एकाच दिवशी होत्या, १० सप्टेंबरला. त्या दिवशी त्याला बत्तीस वर्षं पूर्ण झाली.

उपांत्य लढतीत समोर वांडरले सिल्वा. २००२ मध्ये दोघांची बरोबरी झाली होती. या वेळी सिल्वाचा एक डोळा सुजून मिटत आला होता, तेव्हा डावी लाथ त्या बाजूच्या कानशिलावर बसली आणि सिल्वा पाठीवर पडला. अंतिम लढतीत पकडीचा जाणकार जॉश बार्नेट. पहिल्याच फेरीत, जमिनीवर खाली सापडलेल्या बार्नेटने मार सोसेना म्हणून हार मानली. ज्या जमिनीला तो पाच वर्षं बिचकत आला होता, तिथे वरच्या बाजूला या वेळी तो होता. पट्टा हातात आल्यावर तो ढसाढसा रडला.

पिंजरा

याच सुमारास प्राइडचा पाया खचत होता. गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध असल्याच्या आरोपांमुळे फुजी टीव्हीने जून २००६ मध्येच करार तोडला होता आणि २००७ मध्ये ही स्पर्धा यूएफसी या अमेरिकन एमएमए संघटनेच्या मालकांनी विकत घेतली. फिलिपोविच आधीच अमेरिकेत, यूएफसीत दाखल झाला होता. तिथे रिंगऐवजी अष्टकोनी पिंजरा असतो. रिंगच्या काटकोनी कोपऱ्यात माणूस कोंडता येतो, पिंजऱ्याच्या पसरट कोनातून तो निसटतो. उलट जाळीला पाठ लागली की पट काढणाऱ्याला आधार मिळतो. शिवाय जमिनीवर कोपराने मारायला तिथे परवानगी आहे.

२१ एप्रिल २००७, मँचेस्टर. गॅब्रिएल गोन्झागा या ब्राझिलियनने त्याला खाली पाडून कोपरांनी झोडलं. पंचांनी दोघांना उभं केलं. फेरी संपायला काही सेकंद उरले असताना गोन्झागाची उजवी लाथ फिलिपोविचच्या कानशिलावर बसली. तो जागच्या जागी कोसळला, पाय अंगाखाली मुडपला गेला. जी लाथ त्याची ओळख होती, तिनेच त्याला पाडलं. त्यानंतर यूएफसीत त्याला पूर्वीची धार कधीच सापडली नाही. दुखापती, शस्त्रक्रिया, अधूनमधून एखादा विजय. २०११ मध्ये रॉय नेल्सनकडून झालेल्या सलग तिसऱ्या पराभवानंतर त्याने तिथला निरोप घेतला.

पुन्हा जुन्या घरी

इथे बहुतेकांची गोष्ट संपते. फिलिपोविच किकबॉक्सिंगकडे परतला. १५ मार्च २०१३ ला झाग्रेबमध्ये, आपल्या लोकांसमोर, एकाच रात्री तीन लढती जिंकून त्याने के-वन ग्रां प्री जिंकली. १९९९ मध्ये निसटलेला मुकुट अडतिसाव्या वर्षी हाती आला. के-वनचं वैभव तोवर ओसरलं होतं, नावाजलेले अनेक जण नव्हते, हे मान्यच करायला हवं. २०१४ मध्ये त्याने २००८ चा ऑलिंपिक ज्युदो विजेता सातोशी इशी याला हरवून इनोकीच्याच संघटनेचा किताब घेतला. एप्रिल २०१५ मध्ये तो यूएफसीच्या पिंजऱ्यात परतला आणि पोलंडच्या क्राकूफला गोन्झागाशी पुन्हा गाठ पडली. पहिल्या दोन फेऱ्या गोन्झागाच्या होत्या. तिसऱ्या फेरीत फिलिपोविचने त्याला उभ्याने कोपर मारून डळमळीत केलं आणि जमिनीवरही कोपरांनीच संपवलं. पिंजऱ्यातलं हे हत्यार आठ वर्षांपूर्वी त्याच्यावर चाललं होतं, आता तो ते चालवायला शिकला होता.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात या कारकिर्दीला डाग लागला. खांद्याच्या दुखापतीसाठी वाढीचं संप्रेरक घेतल्याचं त्याने स्वतः कबूल केलं आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. कारण समजण्यासारखं असलं तरी नियम नियमच आहे, आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही ही नोंद गाळू नये. ही बंदी जपानच्या नव्या रिझिन स्पर्धेला लागू नव्हती. २०१६ मध्ये तो तिथे उतरला, तेव्हा चोरटेपणाचा संशय सोबत घेऊनच उतरला.

तिथे वर्षअखेरीच्या तीन दिवसांत त्याने तीन माणसांना हरवलं. २९ डिसेंबरला अमेरिकन कुस्तीगीर मुहम्मद लवाल. ३१ ला एस्टोनियाचा बारुतो, जपानी सुमोत ओझेकी या दुसऱ्या सर्वोच्च पदापर्यंत चढलेला. त्याच दिवशी अंतिम लढतीत इराणचा अमीर अलियाकबरी, २०१० चा ग्रीको-रोमन कुस्तीतला जागतिक विजेता. तिघांचीही आयुष्यं माणसाला पाडण्यात गेली होती. फिलिपोविच बेचाळीस वर्षांचा होता.

फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याने बेलाटर स्पर्धेत रॉय नेल्सनला गुणांवर हरवलं. २०११ मधल्या त्या पराभवाचीही परतफेड झाली. काही दिवसांतच त्याला मेंदूचा झटका आल्याचं निष्पन्न झालं आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. डोक्यावर आयुष्यभर घेतलेला मार कुठे ना कुठे जमा होत असतो, आणि या खेळावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

आपल्या तालमींतली पोरंही आता एमएमएच्या लढती मोबाईलवर पाहतात. फिलिपोविचच्या लाथांच्या चित्रफिती त्यांना पाठ असतील. त्यांनी त्याच्या हरलेल्या लढती आधी पाहाव्यात असं मला वाटतं. नोगेरा, रँडलमन, गोन्झागा, नेल्सन. यातल्या शेवटच्या तिघांना त्याने नंतर हरवलं, आणि तेही ज्या विद्येत तो कच्चा ठरला होता ती आत्मसात करून. लाथ जन्मजात असू शकते. सत्ताविशीत पट चुकवायला, तिशीत गळा आवळायला आणि चाळिशीत कोपर चालवायला शिकणं जन्मजात नसतं. त्यासाठी आपल्याला येत नाही हे रोज सकाळी मान्य करून तालमीत उतरावं लागतं, आणि नाव झालेल्या माणसाला यापेक्षा जड काही उचलावं लागत नाही.