चेतापेशींच्या संकेतांतून घडते मायलिन. शिकण्यास साहाय्यभूत यंत्रणेचा कर्करोगालाही लाभ

नवे कौशल्य आत्मसात करताना मेंदूतील चेतापेशींमध्ये नवे संबंध जुळतात, हे सर्वज्ञात आहे. मात्र चेतापेशींच्या विद्युत सक्रियतेमुळे त्यांच्या भोवतालच्या ग्लिया पेशींमध्येही बदल घडतात, हे गेल्या तीन दशकांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

चेतापेशींच्या अनेक लांब तंतूंभोवती मायलिन हे स्निग्ध आवरण असते. त्यामुळे तंतूंमधून संदेश अधिक वेगाने वाहतो. मेंदूत हे आवरण ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी तयार करतात आणि त्या स्वतः पूर्वपेशींपासून निर्माण होतात. प्रौढ मेंदूतही या पूर्वपेशी सर्वत्र विखुरलेल्या असतात.

बेन बॅरेस आणि मार्टिन रॅफ यांनी १९९३ मध्ये उंदरांच्या दृष्टिचेतेतील विद्युत संदेश रोखले, तेव्हा तेथील पूर्वपेशींचे विभाजन मंदावले. चेतापेशी या पूर्वपेशींशी थेट चेतासंधी जोडतात, असे ड्वाइट बर्गल्स आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले.

निर्णायक पुरावा २०१४ मध्ये मिळाला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मिशेल मोंजे यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतील हालचालींशी संबंधित भागातील चेतापेशी प्रकाशाच्या साहाय्याने उद्दीपित केल्या. त्यानंतर तेथील पूर्वपेशींचे विभाजन वाढले आणि काही आठवड्यांनी मायलिन अधिक जाड झाल्याचे आढळले. त्याच वर्षी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी उंदरांमध्ये नव्या ऑलिगोडेंड्रोसाइटची निर्मिती थांबवली. असमान अंतरावर दांडे असलेल्या चाकावर धावण्याचे कौशल्य या उंदरांना नीट शिकता आले नाही. ज्यांनी ते आधीच शिकले होते, त्यांच्यावर मात्र परिणाम झाला नाही. यावरून नवी मायलिननिर्मिती विशेषतः शिकण्याच्या टप्प्यावर आवश्यक असल्याचे दिसते.

या यंत्रणेची दुसरी बाजू गंभीर आहे. ग्लायोमा या मेंदूच्या कर्करोगातील अनेक पेशींचे पूर्वपेशींशी साम्य असते. चेतापेशी सक्रिय असताना मुक्त होणारे न्यूरोलिजिन-३ हे प्रथिन ग्लायोमाच्या वाढीस चालना देते, असे मोंजे यांच्या गटाला २०१५ मध्ये आढळले. चेतापेशी आणि ग्लायोमा पेशी यांच्यातही प्रत्यक्ष चेतासंधी तयार होतात, हे २०१९ मध्ये अमेरिका आणि जर्मनीतील संशोधकांनी दाखवले. अर्थात, विचार केल्याने किंवा नवे काही शिकल्याने कर्करोग होतो, असा याचा अर्थ नाही. आधीच निर्माण झालेली गाठ मेंदूतील नैसर्गिक संकेतांचा आपल्या वाढीसाठी वापर करते, एवढेच यातून सिद्ध होते.

त्यामुळे संशोधकांसमोर दुहेरी उद्दिष्ट आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रोगप्रतिकारक यंत्रणाच मायलिन नष्ट करते. तेथे पूर्वपेशींना चालना देऊन हे आवरण पुन्हा घडवायचे आहे. ग्लायोमामध्ये मात्र हेच संकेत गाठीपर्यंत पोहोचण्यापासून रोखायचे आहेत.