वेष्टनावरचा पहिला शब्द

माझी भाची आठवीत आहे. गेल्या दिवाळीत घरी आलेला चॉकलेटचा खोका तिने उघडलाच नाही. शाळेत कोकोच्या मळ्यातल्या मुलांवरचा एक माहितीपट दाखवला होता, तेव्हापासून चॉकलेट तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. ती खोका उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचत बसली. "मावशी, कोको कुठून आणलाय ते कुठेच लिहिलेलं नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आणि यादीत पहिलं नाव साखरेचं आहे."

वेष्टनावर घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची, असा आपल्याकडे नियम आहे. नेहमीच्या दुधाच्या चॉकलेटमध्ये जवळजवळ निम्मी साखर असते. दूध आणि कोको तिच्या मागून येतात. कोको पिकवणाऱ्या मुलांची गोष्ट पोरीला शाळेने सांगितली होती. ऊस तोडणाऱ्यांच्या मुलांची गोष्ट मात्र आमच्या नाशिकमध्ये तिला कुणीच सांगितली नव्हती, मीसुद्धा नाही. हा लेख त्यासाठी.

लहानपणी आम्ही ज्याला चॉकलेट म्हणायचो, त्यात कोकोचा कणही नसायचा. दुकानदाराच्या बरणीतली कुठलीही रंगीत गोळी म्हणजे चॉकलेट. त्यातही रावळगावचं चॉकलेट म्हणजे आमच्या जिल्ह्याचं. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना उभा केला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या बनू लागल्या. पान पसंद, मँगो मूड ही नावं पुढे देशभर गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिलायन्सने या गोळ्यांची नावं आणि कृती २७ कोटी रुपयांना विकत घेतली, तेव्हा माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना शाळेतले वाढदिवस आठवले असतील. मराठी मुलाच्या जिभेवरचं पहिलं चॉकलेट उसाचं होतं, हे मला त्या बातमीने नव्याने जाणवलं.

आधी कोकोकडे जाऊ, कारण तिथला हिशेब जगाने निदान मांडला तरी आहे. कोकोचं फळ झाडाच्या थेट खोडाला लागतं. ते कोयत्याने काढायचं, कोयत्यानेच फोडायचं. आत पांढऱ्या बुळबुळीत गरात तीस-चाळीस बिया असतात. त्या केळीच्या पानांखाली पाच-सात दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या. चॉकलेटचा वास त्या आंबवण्यातून जन्माला येतो. जगातला साठेक टक्के कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शेजारी देशांत पिकतो, आणि तोही बहुतेक लहान शेतकऱ्यांच्या तीन-चार हेक्टरांच्या तुकड्यांवर.

शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एनओआरसी या संस्थेने या दोन देशांची पाहणी करून ऑक्टोबर २०२० मध्ये अहवाल दिला. २०१८-१९ च्या हंगामात तिथे कोकोच्या कामात १५ लाख ६० हजार बालमजूर होते. त्यातली १४ लाख ८० हजार मुलं धोक्याची कामं करत होती: कोयता चालवणं, जड पोती वाहणं, फवारणीच्या औषधांत वावरणं, जंगल तोडून जमीन साफ करणं. माली आणि बुर्किना फासोतून फसवून आणलेली मुलंही तिथे सापडली आहेत, आणि ती कहाणी सगळ्यात भयंकर आहे. पण बहुतेक मुलं परक्याच्या नव्हे, आपल्याच आईबापाच्या शेतात राबतात. बाप त्यांना राबवतो, कारण कोकोच्या भावात त्याला मोठा मजूर परवडत नाही.

हे कंपन्यांना ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. कॅडबरी घराण्यातल्या विल्यम कॅडबरींच्या कानावर १९०१ मध्येच आलं होतं, की पोर्तुगिजांच्या साओ टोमे बेटावर त्यांच्यासाठी कोको पिकवणारे मजूर गुलामच आहेत. त्यांनी चौकशी केली, माणसं पाठवली, पण खरेदी थांबवायला १९०९ साल उजाडलं. एका इंग्रजी वृत्तपत्राने यावरून त्यांच्यावर ढोंगाचा आरोप केला. कॅडबरींनी बदनामीचा दावा लावला आणि जिंकलाही, पण ज्यूरीने नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत सिनेटर हार्किन आणि प्रतिनिधी एंगल यांच्या पुढाकाराने चॉकलेट उद्योगाने करार केला, की कोकोतली बालमजुरीची सर्वांत वाईट रूपं २००५ पर्यंत संपवू. ती मुदत २००८ वर गेली, मग २०१० वर, आणि शेवटी २०२० पर्यंत सत्तर टक्के कमी करू असं ठरलं. २०२० मध्ये जो आकडा हाती आला, तो वर दिला आहे.

फेअर ट्रेड म्हणजे रास्त व्यापाराची कल्पना अशाच अन्यायाच्या चिडीतून बळकट झाली. पहिली खूण नेदरलँड्समध्ये १९८८ साली कॉफीच्या पाकिटावर छापली गेली. कल्पना साधी आहे. बाजार कितीही पडला तरी ठरलेल्या किमतीखाली खरेदी करायची नाही; वर टनामागे ठरावीक अधिमूल्य शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला द्यायचं, आणि त्यातून विहीर खोदायची की शाळा बांधायची हे त्यांनीच ठरवायचं. घानातल्या कुआपा कोकू या १९९३ च्या सहकारी संस्थेने तर १९९८ मध्ये ब्रिटनच्या बाजारात उतरलेल्या डिव्हाइन चॉकलेटमध्ये भागीदारीच मिळवली. सहकारावर वाढलेल्या महाराष्ट्राला हे चटकन उमगावं.

मला या खुणेबद्दल आदर आहे आणि तिच्या मर्यादाही दिसतात. प्रमाणित आणि अप्रमाणित कोको कारखान्यात एकत्र दळायला या व्यवस्थेत मुभा आहे. विकत घेतलेल्या वजनाइतक्याच मालावर खूण छापायची, एवढं बंधन. तुमच्या हातातली वडी नेमक्या कुठल्या झाडाची, हे मग कुणालाच सांगता येत नाही. दुसरी मर्यादा भावाची. एप्रिल २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. त्याच महिन्यात आयव्हरी कोस्टच्या सरकारने शेतकऱ्याचा भाव वाढवून किलोला १५०० फ्रँक केला, म्हणजे टनाला जेमतेम अडीच हजार डॉलर. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रास्त भाव शेतकऱ्याला मिळतो. त्याच्या शेतात राबणाऱ्याच्या हातात त्यातलं किती पडतं, ते त्या खुणेवरून कळत नाही.

तिथून मी उसाच्या फडात येते, कारण उसाला रास्त भाव आपल्याकडे कायद्यानेच आहे. एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर भाव. २०२५-२६ च्या हंगामासाठी साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला तो टनामागे ३,५५० रुपये ठरला आणि ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत तो द्यायचा असतो. जगातल्या कोकोवाल्यांनी हेवा करावा अशी ही व्यवस्था आहे, आणि शेतकऱ्यांनी ती लढून मिळवली आहे. तोडणाऱ्याचा दर मात्र वेगळ्या बैठकीत ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड मजुरांच्या संघटनांनी झगडून ३४ टक्के वाढ मिळवली, तेव्हा टनामागचा दर सुमारे २७४ रुपयांवरून ३६७ वर आला. नवरा-बायको मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. त्यात मोळ्या बांधणं आलं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं आलं, अपरात्री गाडी आली की उठून ती भरणंही आलं. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतूनच वजा होतो. त्यामुळे तोडणाऱ्याचे दहा रुपये वाढले की ते आपल्या खिशातून गेले, असं शेतकऱ्याला वाटतं. दोन गरजवंत असे समोरासमोर उभे राहतात.

कोयता हा शब्द इथेही आहे, आणि इथे तो माणसांसाठी वापरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. दसरा-दिवाळीच्या आसपास हातात पडलेली ती रक्कम चार-सहा महिने तोडून फेडायची; आजारी पडून घरी बसलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. अर्ध्या कोयत्याला उचल कमी मिळते. मुलीचं लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी उरकण्यामागे हाही एक हिशेब असतो, हे मला कळलं तेव्हा या शब्दाची धार लागली.

मूल कुठल्याच कोयत्यात मोजलं जात नाही. मुकादमाच्या वहीत त्याचं नाव नसतं, कारखान्याच्या नोंदीत नसतं, आणि शाळेच्या हजेरीपटावर नोव्हेंबरपासून त्याच्यापुढे गैरहजेरी लागत जाते. पण फडात ते असतंच. दिंडोरीच्या बाजूला एका फडाच्या कडेला मी थांबले होते तेव्हा सकाळचे आठ वाजत आले असतील. कडाक्याची थंडी होती आणि पाचटावर दव होतं. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी तोडलेल्या उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, गोळा करून त्यांचे भारे रचत होती. हे वाढे चारा म्हणून विकले जातात, घरच्या बैलांनाही लागतात. मध्येच झोळीतलं बाळ रडलं, की ती जाऊन झोका द्यायची आणि परत यायची. तिच्या हातावर उसाच्या पानांनी बारीक बारीक चिरे पडले होते, कागदाने बोट कापतं तसे. मी विचारलं, कितवीत आहेस? "तिसरीत व्हते," ती म्हणाली.

कायदा स्पष्ट आहे. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामाला ठेवणं गुन्हा ठरलं. इथे लागू होऊ शकणारी सूट आहे ती शाळा सांभाळून घरच्या कामात हातभार लावण्यापुरती. मुकादमाची उचल फेडण्यासाठी तोडलेला ऊस घरचं काम कसा होईल? पण मूल आईबापाबरोबर आहे एवढं दिसलं की विचारणारा पुढे निघून जातो. कोकोच्या मळ्यातही हेच होतं.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. फडाजवळ साखरशाळा चालल्या. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या जनार्थ संस्थेने ते काम मन लावून केलं. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांनी जवळच्या नियमित शाळेतच जावं असं धोरण आलं आणि साखरशाळा मागे पडल्या. मजुरांच्या कोपीपासून, म्हणजे झोपडीपासून, शाळा चार किलोमीटर आणि फड दर पंधरवड्याला बदलणारा, हे धोरणात कुठे बसलं नाही. मूल गावीच आजीजवळ राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ऊसतोड मजूर जिथून जातात त्या ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांना मंजुरी मिळाली, प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं आणि एक मुलींचं. मला हाच मार्ग सगळ्यात खरा वाटतो. आईबापाला दोष देऊन मूल शाळेत येत नाही, त्याला रात्री झोपायला सुरक्षित जागा लागते.

साखरेच्या पलीकडेही आपल्या जिल्ह्यात एक जखम आहे, ती टाळून मला पुढे जाता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावची एक कातकरी मुलगी नाशिकच्या रुग्णालयात वारली. ती दहा वर्षांची होती. थोडे पैसे आणि एखादी मेंढी एवढ्यावर तिला मेंढ्या राखायला ठेवलं होतं. श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरलं, तेव्हा एकामागोमाग आणखी मुलं पुढे आली आणि वेठबिगारी निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले. घोटीचा टोलनाका ओलांडून मुंबईला जाताना आपण त्या डोंगरांचे फोटो काढतो. मीही काढलेले आहेत.

आणि तरी नाशिककडे या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, असं मी ठामपणे म्हणेन. २०१० साली आमची द्राक्षं युरोपात अडकली. लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला, कंटेनर अडकले, बागायतदार रस्त्यावर यायची वेळ आली. त्या धक्क्यातून शेतकरी शिकला. अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदणी व्यवस्थेत निर्यातीची प्रत्येक बाग नोंदलेली असते. युरोपातल्या दुकानातल्या खोक्यावरून दिंडोरीतल्या किंवा निफाडमधल्या नेमक्या प्लॉटपर्यंत मागे येता येतं. कधी फवारलं, काय फवारलं, सगळी नोंद. अलीकडे तिथली सुपरमार्केटं मजुरांबद्दलही विचारू लागली आहेत: हजेरीपत्रक आहे का, किमान वेतन देता का, बागेत मुलं कामाला आहेत का. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्यांच्या मुलांचा प्रश्न तेवढ्याने सुटला असं मी म्हणत नाही. पण प्रश्न विचारला तरी जातो, आणि उत्तर कागदावर द्यावं लागतं.

साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव असतं, हंगामाचं साल असतं. ऊस कुठल्या गटातून कुठल्या तारखेला आला, याची नोंद कारखान्याच्या शेतकी खात्याकडे असतेच, नाहीतर चौदा दिवसांत बिल कसं निघणार? कुठल्या मुकादमाची टोळी त्या फडात होती, तेही वाहतुकीच्या करारात असतं. नवीन शोधायचं काही नाही. त्याच कागदावर टोळीबरोबर किती मुलं आली आणि ती कुठल्या शाळेत बसली, एवढे दोन रकाने वाढवायचे आहेत. मोठ्या चॉकलेट आणि शीतपेय कंपन्यांनी साखर घेताना हे दोन रकाने मागितले, तर कारखाने ते भरतील. द्राक्षाच्या बाबतीत हे झालेलं आपण पाहिलं आहे.

हा अंक तुमच्या हातात असेल त्या दिवसांत नांदगावच्या बाजूने ऊसतोडीला निघणारे ट्रॅक्टर भरायला लागलेले असतील. खाली धान्याची पोती, त्यावर भांडी, कोंबड्यांचा डालगा, बांधून ठेवलेली शेळी, आणि सगळ्यात वर, पडू नये म्हणून दोरीला धरून बसलेली पोरं. भाचीला मी यंदा तिथे घेऊन जाणार आहे. तिने एक वही केली आहे. पहिल्या पानावर तिने त्या खोक्यावरची यादी उतरवून काढली आहे आणि साखरेपुढची जागा मोकळी सोडली आहे.